टीव्हीशेजारचे एटीएम

१९९८च्या सुमारास मी पुण्यात एका डीटीपीच्या दुकानात अक्षरजुळणी शिकत होतो. पहिल्याच आठवड्यात मालकांनी बजावले, "नव्या मशीनवर आधी एटीएम टाका, मगच पेजमेकर उघडा." हे वाक्य मी घरी मोठ्या रुबाबात ऐकवले, तेव्हा एवढ्याशा दुकानात पैशांचे यंत्र कशाला, असे वडिलांनी अगदी गंभीरपणे विचारले.

आमचे एटीएम म्हणजे अ‍ॅडोबी टाइप मॅनेजर. पोस्टस्क्रिप्ट फॉन्टमधली वेलांट्यांची आणि रफारांची वळणे पडद्यावर गुळगुळीत रेखण्याचे काम त्या काळचे विंडोज स्वतःहून करत नसे. ते हा लहानसा प्रोग्रॅम करी. विंडोज २०००मध्ये ती सोय मुळातच आली आणि आमचे एटीएम कोणाला निरोपही न देता निवृत्त झाले. वडिलांचे मात्र चौकाचौकांत उभे राहिले. त्याचे पूर्ण नाव 'एनी टाइम मनी' आहे, असे आजही कित्येक जण छातीठोकपणे सांगतात, आणि खरे सांगायचे तर 'ऑटोमेटेड टेलर मशीन'पेक्षा ते अधिक अर्थपूर्ण आहे. शिवाय 'एटीएम मशीन' म्हणताना आपण यंत्र दोनदा उच्चारतो, याचेही कोणाला काही वाटत नाही.

तिसऱ्या एटीएमची, म्हणजे असिंक्रोनस ट्रान्सफर मोडची, महत्त्वाकांक्षा सर्वांत मोठी होती. आवाज, चित्र आणि संगणकीय माहिती हे सारे एकाच मापाच्या पुड्यांत बांधून एकाच जाळ्यातून धाडायचे, असा तो बेत होता. वाद पेटला तो पुडीच्या मापावरून. टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० बाइट या वेगाने येतो. त्यामुळे ६४ बाइटांची पुडी भरायला ८ मिलिसेकंद लागतात, तर ३२ बाइटांची ४ मिलिसेकंदांत भरते. पुडी भरायला जितका उशीर, तितका बोलणाऱ्याला स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी अधिक जाणवतो. अमेरिकेतली अंतरेच इतकी लांब, की प्रतिध्वनी दाबणारी उपकरणे तिथे बसवावी लागणारच होती, म्हणून त्यांना ६४ हवे होते. फ्रान्सला देशातल्या देशात त्या उपकरणांचा खर्च टाळायचा होता, म्हणून युरोपचा आग्रह ३२चा. अखेर लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचा आकडा ठरावा तसा मधला ४८ ठरला, त्यावर पत्त्याचे ५ बाइट चढले आणि ५३ ही कोणत्याच अभियंत्याला न आवडणारी संख्या जन्माला आली. पुढे इथरनेट या संगणक जोडण्याच्या स्वस्त आणि सुटसुटीत पद्धतीने हा बेत मागे टाकला.

तो पूर्णपणे संपला, असे मात्र नव्हे. बीएसएनएलचे ब्रॉडबँड घरी आले तेव्हा मोडेमच्या पानावर व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ असे आकडे भरावे लागत. वडील चष्मा सावरून ते कागदावरून वाचून दाखवत होते आणि मी निमूटपणे टंकत होतो. ते आकडे याच तिसऱ्या एटीएममधल्या वाटेचे पत्ते होते, हे मला फार उशिरा कळले. आमच्या टीव्हीशेजारी कित्येक वर्षे एक एटीएम रात्रंदिवस ५३-५३ बाइटांच्या पुड्या बांधत होते, आणि मागच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या त्या डबीवरची धूळ वडील दर रविवारी झटकत होते.