तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजी येत नव्हतं, तर टर्मिनेटर कळला कसा?

लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग शिकायला माझ्याकडे आर्वीला जी पोरं येतात, ती कधी ना कधी हे विचारतातच. चूक त्यांची नाही. मी पाहिलेला पहिला इंग्रजी पिक्चर 'टर्मिनेटर टू', हे मीच कौतुकाने सांगत सुटतो. तेव्हा यस-नो पलीकडे मला इंग्रजी येत नव्हतं, आणि गावात विचारावं असंही कोणी नव्हतं. मग कळलं काय डोंबल?

माझं म्हणणं असं, की आम्हाला तो अमेरिकेतल्या लोकांपेक्षा चांगला कळला. हसा खुशाल.

पिक्चर 1991 चा, जेम्स कॅमेरॉनचा. पहिला अर्धा तास त्याने फार कसबाने रचलाय. माणसासारखे दिसणारे दोन यंत्रमानव एका पोराच्या मागावर आहेत. एक अर्नाल्ड, म्हणजे नट अर्नाल्ड श्वार्झनेगर, काळं चामडी जाकीट घातलेला. दुसरा सडपातळ, पोलिसाच्या वर्दीतला. मारणारा कोण आणि वाचवणारा कोण, हे बराच वेळ कळू द्यायचं नाही असा बेत. 1984 च्या पहिल्या भागात अर्नाल्ड मारेकरी होता, त्यामुळे संशय त्याच्यावरच जावा. पण तिकडे जाहिरातीतच फोडून टाकलं, की या वेळी अर्नाल्ड पोराच्या बाजूने आहे. सगळी मेहनत पाण्यात!

आमच्याकडे कसली आलीय जाहिरात? कापसाचा चुकारा झाला, म्हणजे पैसे हाती आले, की कोणीतरी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचं आणि अंगणात ताडपत्री अंथरायचं. दोन हिंदी कॅसेटींवर दुकानदाराने ही तिसरी फुकट दिलेली. वर पेनाने 'अर्नाल्ड' एवढंच लिहिलेलं. सुरुवातीलाच विजेच्या लोळातून नागडा माणूस निघाला, तेव्हा एकाने धावत जाऊन टीव्हीपुढे घोंगडं धरलं. बायामाणसं उठून गेली ती गेलीच.

बाकी आम्ही सगळे पोलिसाच्या बाजूने. एकटे मोठेबाबा सुपारी कातरत म्हणाले, "पोलिस काही बरोबर नाही बे हा. इतका गोड बोलणारा पोलिस पाह्यला का तुम्ही कधी?"

मग तो मॉलमागचा बोळ. एका टोकाला अर्नाल्ड, हातात गुलाबांचं खोकं. खोक्यातून बंदूक निघते, गुलाब खाली पडतात, तो ते तुडवत पुढे येतो. पोरगं पळायला वळतं तर मागे पोलिस. अर्नाल्ड काहीतरी ओरडला, पोरगं वाकलं, ताडपत्रीवर आम्हीही वाकलो. गोळी पोराच्या डोक्यावरून पोलिसाला! आणि पोलिसाने उलट झाडलेल्या गोळ्या अर्नाल्डने पोराला कवेत घेऊन पाठीवर झेलल्या. आता सांगा, यात इंग्रजी कुठे लागतं? मोठेबाबांनी मात्र आपण पोलिसाला आधीच ओळखलं होतं, याची पुढे कितीतरी महिने फुशारकी मारली.

पुढे इस्पितळातल्या गजांचा प्रसंग आहे. पोलिस पाऱ्यासारखा गजांतून आरपार जातो, पण हातातलं पिस्तूल 'टक्' करून गजाला अडकतं. तो मनगट वळवून ते आडवं करून काढून घेतो. झालं. अंग वितळतं, पिस्तूल वितळत नाही, हा नियम एका 'टक्'मध्ये समजला. शेवटाकडे तो द्रव नायट्रोजनने गोठतो, अर्नाल्डच्या गोळीने त्याचे तुकडे तुकडे होतात, आणि आचेने ते थेंब थेंब होऊन पुन्हा एकत्र यायला लागतात. तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "जरासंध हाये हा! तुकडे उलटसुलट फेका लेकहो!"

पोरांना वाटतं हे सगळं कॉम्प्युटरवर झालं. तसं नाही. कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं सगळी मिळून काही मिनिटांचीच आहेत. पोलिसाच्या छातीवर गोळी लागून जे चंदेरी फूल उमलतं, ते फोमरबराचं. शर्टाखाली दाबून बसवलेलं, सोडलं की फाकणारं. पिक्चरसाठी असले इफेक्ट हाताने बनवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातला माल. इस्पितळातला पहारेकरी आणि त्याचं रूप घेतलेला तो पोलिस-यंत्रमानव समोरासमोर येतात, तिथे चक्क जुळे भाऊ उभे केलेत. नायिका लिंडा हॅमिल्टनचीही जुळी बहीण काही दृश्यांत कामी आली. पोलिस झालेला रॉबर्ट पॅट्रिक तोंड मिटून, नुसत्या नाकाने श्वास घेत पळायचा सराव करून आला होता, म्हणून मोटरसायकलमागे जीव तोडून धावतानाही त्याला धाप लागलेली दिसत नाही. इफेक्टचं ऑस्कर मिळालं ते या सगळ्या मेळाला. आमच्या धंद्यात नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडायला सॉफ्टवेअर उघडणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

न कळलेलंही होतं, नाही कसं! दोघं भविष्यातून आलेत, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. मधल्या वाळवंटातल्या बोलाचालीत निम्मी मंडळी बिड्या ओढायला उठली. पुढे मी तो हिंदीत पाहिला, तेव्हा पिक्चरमधलं ते 29 ऑगस्ट 1997 चं अणुयुद्ध वगैरे प्रकरण कळलं. बरं वाटलं, पण ते नसतं कळलं तरी माझं काही अडलं नव्हतं.