माटुंग्याच्या गल्लीतला टँकर

दादा एप्रिलमध्ये तीन दिवसांसाठी मुंबईत आला होता. पहिला दिवस झोपण्यात गेला, दुसरा मुलांना घेऊन राणीच्या बागेत. लिहायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल. त्यातही माटुंग्याच्या एका गल्लीत आम्ही भर उन्हात उभे राहिलो, त्या वीस मिनिटांबद्दल.

दादा माझा मावसभाऊ. आटपाडीचा, डाळिंबाच्या बागेत वाढलेला. गेली 14 वर्षं कूर्गमध्ये सिद्धापूरच्या बाजूला रोबस्टा जातीच्या कॉफीच्या एका इस्टेटीवर मॅनेजर आहे. मुलुंडहून स्लो लोकल पकडली. सकाळचे अकरा वाजून गेले होते, तरी दारापासून आत सरकायला भांडुप उजाडलं. पाहुण्याला या गर्दीतून न्यायची मला दर वेळी मनापासून लाज वाटते.

माटुंग्याला उतरलं की कॉफी भाजल्याचा वास आधी येतो, दुकान मागून दिसतं. काउंटरवरच्या मामांनी नेहमीसारखं विचारलं, ‘‘पीबेरी की प्लांटेशन ए? चिकोरी किती?’’ भाव ऐकला आणि माझा पारा चढला. पूर्वी मी अर्धा किलो न्यायचे, आता पाव किलोवर आलेय. बाहेर पडता पडता बोलून गेले, ‘‘दादा, तुमच्या मालकांची चांदी आहे बाबा.’’ तो काहीच बोलला नाही.

पुढच्या वळणावर एका इमारतीच्या टाकीत टँकर रिकामा होत होता. दादा थांबला. ड्रायव्हरला विचारलं, ‘‘किती लिटरचा?’’ दहा हजारचा. तो पाइपाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘एक एकर कॉफीला एक इंच पाणी द्यायचं तर असे 10 टँकर लागतात. फूल नीट उघडायला आम्ही दीड इंच देतो. म्हणजे 15.’’

आटपाडीच्या पोरीला समजेल अशा भाषेत त्यानं सांगितलं. आपण डाळिंबाचं पाणी तोडून त्याला ताण देतो आणि मग बहार धरतो, तसंच हे. पावसाळा संपला की कूर्गमध्ये कोरडे महिने येतात, कॉफीच्या कळ्या ताणावर बसून राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक जोरदार सर आली की आठ-दहा दिवसांत अख्खी बाग पांढरी होते, मोगऱ्यासारखा वास सुटतो. त्या सरीला ते ब्लॉसम शॉवर म्हणतात. सर फुकटची, पण तिच्यावर सगळं वर्ष टांगलेलं. नुसती भुरभुर झाली तर कळी फुगते आणि तशीच वाळते. खतं, तण, सावलीच्या झाडांची छाटणी, माणसांचा पगार, हा खर्च मात्र पीक येवो न येवो, झालेलाच असतो.

म्हणून ज्यांच्याकडे तळं आहे ते स्प्रिंकलर लावतात. रात्र-रात्र डिझेलचे पंप चालतात, माणसं अंधारात पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात नेतात. ‘‘आणि एकदा पाणी दिलं की सुटका नाही,’’ दादा म्हणाला. ‘‘वीसेक दिवसांत पाऊस झाला नाही, तर दुसरं पाणी द्यावंच लागतं, नाहीतर धरलेलं फळ गळतं. तळं मध्येच आटलं की पहिलं डिझेलही मातीत.’’ एका वर्षी त्यांनी पाणी दिलं आणि चौथ्या दिवशी पाऊस आला. शेजारच्या तीन एकरवाल्याचा बहार एक रुपया न घालता फुलला. पुढच्या वर्षी त्याच शेजाऱ्याला वेचणीची मजुरी सुटेल एवढंही पीक आलं नाही.

डिझेलचे पैसे मार्चमध्ये जातात, रोबस्टाचं फळ पिकायला पुढचा जानेवारी उजाडतो. मधले दहा महिने व्याजाचे. भाव ठरतो लंडनच्या बाजारात. 2001 च्या सुमारास तो एवढा कोसळला होता, की मालक अजून सांगतात, तेव्हा पंप सुरू करणं म्हणजे घरातून पैसे घालणं होतं. 2024 मध्ये तो विक्रमी चढला. व्हिएतनाम रोबस्टात जगात पहिला, तिथली कॉफी उन्हाळ्यात दिलेल्या पाण्यावरच जगते, आणि तिथे दुष्काळ पडला. ‘‘त्यांच्या विहिरी आटल्या म्हणून आमचं एक पाणी वसूल झालं,’’ दादा म्हणाला. आटपाडीतली विहीर आटलेली त्यानं पाहिली आहे. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

चांदीची गोष्ट मी मागे घेतली, तिथंच, टँकरचा पाइप गुंडाळला जात असताना. भाव चढला की तळंवाल्याला मिळतं आणि तळं नसलेला आभाळाकडे बघतो, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बहुतेक बागा छोट्याच आहेत. तीन एकरांत तळं खणायचं तर कॉफी कुठे लावायची?

मग फाइव्ह गार्डन्सपर्यंत चालत गेलो. सावलीला बसलो, इतकी शांत सावली मुंबईत मला दुसरीकडे मिळत नाही. दादाच्या फोनवर त्या तीन एकरवाल्या शेजाऱ्याचा फोटो आला होता. आठवड्यापूर्वी तिकडे उशिरा का होईना, पाऊस झाला होता. फांद्या पांढऱ्याशुभ्र, मागे शेणानं सारवलेलं अंगण. दादानं फोटो दोन बोटांनी मोठा केला, एकेक फांदी तपासली.

‘‘छान उघडलंय,’’ तो म्हणाला. ‘‘आता दहा-बारा दिवसांत अजून एक सर यायला हवी.’’

आणि त्यानं हवामानाचं ॲप उघडलं.