फडावरून आलेले संमतिपत्र

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात आहे. गेल्या जानेवारीत आठवी-नववीच्या ३८ विद्यार्थ्यांना खुलताबादच्या बाजूला असलेल्या एका साहस केंद्रात दोन दिवसांसाठी नेण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवले. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलीच्या परवानगीची फाईल जाड झाली, आणि ती तशी असावी असेच माझे मत आहे. एसटीचा प्रासंगिक करार, त्यातील निम्मी सवलत, दहा मुलांमागे एक शिक्षक, मुलींसोबत शिक्षिका, प्रथमोपचाराची पेटी ही कामे आठवडाभरात उरकली. अडले ते पालकांच्या संमतिपत्रांवर.

दिवाळीनंतर आमच्या गावातील कितीतरी घरांना कुलूप असते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. यादीतील अकरा मुलांचे आईवडील असे उसाच्या फडावर होते. मी आजी-आजोबांचे अंगठे घेऊन संमतिपत्रे जोडली, तर ‘पालकांचीच सही हवी’ असा शेरा मारून कार्यालयाने फाईल परत पाठवली. मला संताप आला. पहाटे कोयता घेऊन निघणाऱ्या माणसाने सही करायची कुठे आणि पाठवायची कशी, हे शेरा मारणाऱ्याने सांगितले नव्हते.

शेवटी मुकादमांच्या मोबाइलवर मजकूर पाठवला. रात्री गाड्या भरून झाल्यावर कोपीतल्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या, उजेडात तो वहीच्या पानांवर उतरवला गेला आणि सह्यांचे फोटो चार दिवसांत एकेक करून आले. नववीतील एका मुलीच्या आईने सहीखाली एक ओळ जास्त लिहिली होती: ‘पळल्यावर दम लागतो, पंप दप्तरात असतो.’ आजीने भरलेल्या कागदावर आजाराच्या रकान्यात ‘काही नाही’ असे होते. त्या शेऱ्यावरचा माझा राग तिथे बराच उतरला.

केंद्रातील प्रशिक्षकाने ती ओळ दोनदा वाचली आणि दोराने कडा उतरण्यासाठी वर जाताना त्या मुलीचा पंप स्वतःच्या कमरेच्या पिशवीत ठेवला. हार्नेसच्या, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या साजाच्या, मांडीवरील पट्ट्याखाली दोन बोटे सरकवून त्याने घट्टपणा पाहिला, दोर अडकवायच्या कडीची, कॅराबिनरची, फिरकी आवळून पुन्हा ओढून पाहिली आणि उतरण्याच्या दोराशिवाय एक वेगळा सुरक्षा दोर तिला बांधला, ज्याचे टोक वर दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हातात होते. उतरण्यापेक्षा कठीण असते ते कड्याच्या धारेवर पाय रोवून मागे, मोकळ्या हवेत अंग टाकणे. तिथे ती बराच वेळ नुसती दोराकडे पाहत राहिली. मग उतरू लागली. मध्यावर श्वास जड झाला तेव्हा वरच्या प्रशिक्षकाने दोर रोखून धरला, खालच्याने तिला दगडाला पाय टेकवून थांबायला सांगितले, आणि दम परतल्यावर उरलेला काळा दगड तिने आपणच उतरून संपवला. पंप लागला नाही.

तिचा हेल्मेट घातलेला फोटो तिच्याच आग्रहाने मुकादमाच्या मोबाइलवर पाठवला. साडेदहाला फोन वाजला. फोटोबद्दल तिची आई काहीच बोलली नाही. ‘‘सर, वरून दोर कुणी धरला व्हता?’’ एवढेच तिने विचारले, आणि मी तिला त्या दुसऱ्या दोराची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली.