रक्तदान शिबिरात आरजेला कुठे बसवायचं?

मंडळाची बैठक होते, शिबिराची तारीख ठरते, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "एफएमवाल्या आरजेला बोलवू या, गर्दी होईल." गर्दी होतेही. सकाळी दहा वाजता दीडशे माणसं दारात उभी राहतात, अकरापर्यंत त्यातली निम्मी कंटाळून घरी जातात, आणि दुपारी एक वाजता सिस्टर रिकाम्या कॉटजवळ बसून असतात. आरजेचा, म्हणजे रेडिओवरच्या निवेदकाचा, आवाज मोठं बळ आहे, पण ते कुठे लावायचं हे ठरवलं नाही तर त्याच बळाने शिबिर मोडतं.

आधी शिबिराची क्षमता समजून घ्या. रक्तपेढ्यांना लागू असलेल्या नियमांत हिशोब दिलेला आहे: एक डॉक्टर, दोन सिस्टर, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवा कर्मचारी, दोन मदतनीस आणि ६ ते ८ कॉट, एवढ्या पथकाने साधारण ३ तासांत ५० ते ७० किंवा ५ तासांत १०० ते १२० रक्तदाते घ्यायचे. म्हणजे तासाला वीस-चोवीस. काही जण तपासणीतच परत जाणार, म्हणून नोंदणीच्या टेबलावर तासाला तीस माणसं यावीत असं धरून चाला. यापेक्षा जास्त हवी असतील तर दुसरं पथक मागा. ते मिळणार नसेल, तर रेडिओवरून तेवढ्याच लोकांना बोलवा.

रक्तपेढीला आणखी एक प्रश्न आधीच विचारा: तुम्हाला पिशव्या किती हव्यात? साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, तांबड्या पेशींत टिकवणुकीचं द्रावण घातलं तर ४२ दिवस. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस, त्याही २०-२४ अंशांवर सतत हलत्या ठेवून. एका रविवारी तीनशे पिशव्या गोळा केल्या आणि पुढच्या महिन्यात काहीच नाही, तर त्यातल्या काही मुदत संपून टाकून द्याव्या लागतात. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात आणि लोक गावी गेलेले असतात. दिवाळीतही तेच. टंचाई त्या वेळी असते. आरजेची मदत मागायचीच असेल तर तेव्हाची मागा. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला आधीच चार शिबिरं लागलेली असतात, तिथे पाचव्याला त्याचा आवाज खर्च करू नका.

आता स्टेशनकडे जायचं कसं? खासगी एफएमवर आरजे स्वतः फारसं ठरवत नाही. निर्णय प्रोग्रॅमिंग हेडचा, आणि जाहिरातीसारखं काही वाटलं तर सेल्सचा. पत्र तीन-चार आठवडे आधी द्या. त्यात स्पष्ट लिहा की तुम्हाला पैसे भरून जाहिरातीचे स्पॉट हवेत, आरजेने आपल्या शोमध्ये केलेला उल्लेख हवा, की त्याची प्रत्यक्ष हजेरी. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पत्रात सगळं एकत्र लिहिलं की पत्र टेबलावर पडून राहतं. आमचं मत विचाराल तर हजेरी शेवटी मागा. आठवडाभर सकाळच्या शोमध्ये रोज दोन उल्लेख मिळाले, तर त्यापुढे रविवारी तासभर येणं काहीच नाही.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, म्हणून काही मंडळांना वाटतं की शिबिराची माहितीही चालणार नाही. ती चालते, कारण ती बातमी नसून लोकोपयोगी सूचना आहे. पत्रात पक्षाचं नाव, नेत्याचा फोटो आणि "यांच्या शुभहस्ते" आलं, की मात्र स्टेशन मागे सरतं, आणि ते बरोबरच आहे.

तालुक्याच्या गावात असाल तर कम्युनिटी रेडिओ, म्हणजे स्थानिक संस्थेने आपल्या परिसरासाठी चालवलेलं छोटं केंद्र, जास्त उपयोगी. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा बारामतीची वसुंधरा वाहिनी यांसारख्या केंद्रांचा ट्रान्समीटर फार तर १०० वॉटचा, आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर. शिबिरासाठी नेमका तेवढाच परीघ लागतो. तिथली निवेदिका ऐकणाऱ्यांच्या वाडीवस्तीची असते. तिने "चावडीजवळच्या शाळेत" म्हटलं की शाळा कोणती हे कुणाला विचारावं लागत नाही. मोठ्या शहरातल्या स्टेशनवरून केलेलं आवाहन तीस किलोमीटरवरचा माणूसही ऐकतो, आणि तो येणार नसतो.

खरं काम आहे ते लिंकमध्ये, म्हणजे दोन गाण्यांमध्ये आरजे बोलतो त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात. मंडळं आरजेच्या हातात पानभर मजकूर देतात: रक्तदान श्रेष्ठदान, जीवनदान, सामाजिक बांधिलकी. ऐकणारा स्कूटरवर असतो नाहीतर पोळ्या लाटत असतो. त्याला चारच गोष्टी कळायला हव्यात: कुठे, कधी, कुणी यावं, काय करून यावं. असा मजकूर द्या:

"रविवारी शाळा नंबर तीनमध्ये रक्तदान शिबिर आहे. एसटी स्टँडच्या मागच्या गेटसमोर, निळ्या कमानीची शाळा. स्टँडच्या बाजूला राहणाऱ्यांनी नऊ ते अकरा या वेळेत या, नदीपलीकडच्यांनी अकरा ते एक. नाश्ता करून या, उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. वय अठरा ते पासष्ट, वजन किमान पंचेचाळीस किलो. पुरुषांनी गेल्या तीन महिन्यांत आणि महिलांनी गेल्या चार महिन्यांत रक्त दिलेलं नसावं. रविवारी, शाळा नंबर तीन, स्टँडच्या मागे."

यात जागा दोनदा आली आहे, सुरुवातीला आणि शेवटी, कारण निम्मे लोक मधूनच ऐकायला लागतात. मोबाइल नंबर मुद्दाम घातलेला नाही. रेडिओवर ऐकलेला दहा आकडी नंबर लिहून घेणारा माणूस विरळा. द्यायचाच असेल तर एकेक आकडा सुटा उच्चारा. "सत्त्याहत्तर" की "सत्याऐंशी" असा घोळ झाला, तर फोन भलत्याच घरी वाजतात. क्यूआर कोडचा तर रेडिओवर प्रश्नच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वस्तीप्रमाणे वाटून दिलेली वेळ. रेडिओ सगळ्यांना एकाच क्षणी हाक मारतो, म्हणून लोक एकाच वेळी येतात. ही वाटणी आरजेनेच करायची असते. शिबिराच्या दिवशी मंडळातल्या एकाने दर तासाला स्टुडिओला मेसेज टाकावा: "आत्ता रांग वीसची, अकरानंतर या" किंवा "कॉट रिकाम्या आहेत, लगेच या". पुढच्या लिंकमध्ये आरजे तेवढंच सांगेल. इतकं केलं तरी शिबिर सुरळीत चालतं.

तारीख ठरवताना पंचांग बघा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवसांत उपवास असलेले दाते परत पाठवावे लागतात. ज्यांना परत जावं लागेल त्यांना रेडिओवरून आधीच कळणं हे त्यांच्यावर उपकारच आहेत. गेल्या बारा महिन्यांत टॅटू काढलेला असेल तर चालत नाही. लांब पल्ल्याच्या ट्रकवर किंवा एसटीवर पुढच्या चोवीस तासांत ड्यूटी असेल तर त्या दिवशी रक्त द्यायचं नाही. एमआयडीसीतून रात्रपाळी करून थेट आलेल्याने आधी झोप घ्यायची. गाडी चालवताना एफएम ऐकणारे भरपूर असतात, त्यामुळे ड्यूटीची सूचना संध्याकाळच्या शोमध्ये जायलाच हवी. ती बहुतेक वेळा राहून जाते.

शिबिरात सगळ्यात आधी तुंबतं ते हिमोग्लोबिनचं टेबल. तिथे मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या पाण्याची बाटली असते. बोटाला टोचून काढलेला थेंब त्यात सोडतात. पाण्याची घनता १.०५३ ठेवलेली असते. थेंब सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर. मध्येच रेंगाळला किंवा वर आला तर कमी. खूप बायका इथूनच परत फिरतात, कधीकधी डोळ्यांत पाणी आणून, कारण घरची कामं आवरून त्या मुद्दाम आलेल्या असतात. आरजेने आठवडाभर आधीच सांगून ठेवावं की हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, कमी भरलं तर तो कमीपणा नाही, आणि फुकटात झालेली ही तपासणी घेऊन डॉक्टरकडे जाता येतं. टेबलावर एकच माणूस असेल तर दुसरा मागा. कॉट वाढवण्याआधी हे टेबल वाढवा.

आता शीर्षकातला प्रश्न. आरजेला व्यासपीठावर बसवू नका. नोंदणीजवळही नको, कारण सेल्फीसाठी रांग थांबते. कॉटजवळ तर अजिबात नको. पिशवी भरायला पाच-दहा मिनिटं लागतात, त्या वेळी सिस्टरचं लक्ष दात्याच्या चेहऱ्यावर हवं. माइक, कॅमेरा आणि घोळका आला की नवखा दाता घाबरतो, घाम फुटतो, चक्कर येते, आणि एकाला चक्कर आलेली पाहिली की शेजारच्या दोघांना गरगरतं. आरजेची जागा चहा-बिस्किटांच्या खोलीत. रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं बसणं आवश्यक असतं आणि लोक नेमके तिथूनच पळतात, बाहेर जाऊन गाडी सुरू करतात आणि फाटकाजवळ कोसळतात. आरजे त्या खोलीत गप्पा मारत असला की माणूस आपसूक पंधरा मिनिटं बसतो. शोसाठी लागणारे बाइट, म्हणजे लोकांच्या बोलण्याचे छोटे तुकडेही तिथेच मिळतात, संमती विचारून.

डॉक्टर प्रश्न विचारतात ती जागा पडद्याआड असते. तिथे रेकॉर्डर न्यायचा नाही. कोण कशामुळे परत गेलं हे ऑन एअर सांगायचं नाही, नाव न घेताही नाही. लहान गावात "काल एक मास्तर परत गेले" एवढं पुरतं. आरजेला स्वतः रक्त द्यायचं असेल तर त्याची तपासणी सगळ्यांत आधी, शांतपणे करून घ्या. लोकांसमोर थेंब तरंगला तर त्याला अवघड होतं आणि लोकही भलते अर्थ लावतात.

हेल्मेट, बॅग, पाण्याचा जार असल्या भेटींचा उल्लेख रेडिओवर कधीच करू नका. पैसे किंवा पैशांत मोजता येईल असं आमिष रक्तदानात चालत नाही. कारण साधं आहे: हेल्मेटसाठी आलेला माणूस आपलं दुखणं लपवतो. एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या चाचण्या प्रत्येक पिशवीच्या होतात, पण अगदी ताजा संसर्ग चाचणीत सापडेलच असं नाही. दात्याने खरं बोलणं हीच पहिली चाळणी आहे. प्रमाणपत्र आणि चहा पुरे.

एरवी येणाऱ्या तातडीच्या मागण्यांबद्दल थोडं. "अमुक रुग्णाला बी निगेटिव्ह हवं" असा मेसेज आरजेला रोज येतो. तो जसाच्या तसा वाचू नये. आधी त्या रक्तपेढीला फोन करून विचारावं की गरज अजून आहे का, आणि रक्तच हवं आहे की प्लेटलेट. रुग्णाचं नाव आणि नातेवाइकाचा नंबर सांगू नये, रक्तपेढीचं नाव आणि किती वाजेपर्यंत यायचं ते सांगावं. गरज भागल्यावर "आता येऊ नका" हेही त्याच शोमध्ये सांगावं. डेंग्यूच्या दिवसांत मशीनवर प्लेटलेट देणारा दाता हवा असतो. त्याला रक्तपेढीतच जावं लागतं, तास-दीड तास लागतो, आणि तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी लागते. बॉम्बे ब्लड ग्रुप या दुर्मीळ गटाची मागणी आली, तर सरसकट आवाहनाचा फार उपयोग नाही. १९५२ साली मुंबईत शोध लागलेला हा गट साध्या तपासणीत ओ असाच दिसतो, त्यामुळे हौसेने धावत येणारे ओ गटाचेच निघतात. असे दाते मोठ्या रक्तपेढ्यांच्या यादीत असतात, तिथेच विचारायचं.

पैसे गोळा करायचे असतील तर आरजेचा स्वतःचा यूपीआय नंबर कधीही नको, हेतू कितीही चांगला असला तरी. खातं नोंदणीकृत संस्थेचं हवं. संस्था नोंदलेली नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे आधी जा, गणेश मंडळं वर्गणीसाठी जातात तसं.

सोमवारच्या सकाळच्या शोमध्ये हिशोब द्यायचा: किती आले, किती परत गेले, किती पिशव्या झाल्या, कुठल्या रक्तपेढीत गेल्या. पुढाऱ्यांच्या आभारांपेक्षा हे तीस सेकंद मोलाचे. आणि त्याच दिवशी आरजेच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा घालून ठेवा. पुरुषांना ९० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं, महिलांना १२० दिवसांनी. शिबिर १ जूनला झालं असेल तर त्या तारखा ३० ऑगस्ट आणि २९ सप्टेंबर. पाठोपाठ १ ऑक्टोबरला राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन येतो, आणि जूनमध्ये रक्त दिलेले सगळे तोवर पात्र झालेले असतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लिंक द्यायची: "जूनमध्ये शाळा नंबर तीनमध्ये आलेल्यांनो, तुमची वेळ झाली."