तुम्ही विचारलंत म्हणून: मेंढ्याचं वीर्य आधी धुवायचं कशाला?

कृत्रिम रेतनात मेंढ्याचं वीर्य पातळ केलं की लगेच भरता येतं. मग प्रयोगशाळेत बशीत फलन घडवताना तेच वीर्य बीजांडांवर सोडण्याआधी ते धुण्याचा तासभर खटाटोप कशासाठी? पशुवैद्यकाचे विद्यार्थी हे विचारतात, मेंढपाळही विचारतात. प्रश्न रास्त आहे. फलन झालं नाही की सगळा दोष बीजांडांवर जातो आणि शुक्राणूंकडे कुणी वळूनही बघत नाही, हे मनाला लागतं.

मेंढीच्या पोटात हा खटाटोप आपोआप होतो. गर्भाशयाचं मुख ओलांडताना वीर्यद्रव मागे राहतो, दुबळे शुक्राणू गळतात आणि उरलेल्यांच्या आवरणात असे बदल होतात की ते बीजांडात शिरू शकतात. या बदलाला कपॅसिटेशन म्हणतात. चँग आणि ऑस्टिन या दोघांनी 1951 मध्ये तो स्वतंत्रपणे दाखवून दिला. वीर्यद्रवातली प्रथिनं शुक्राणूला वेळेआधी पेटू देत नाहीत. प्रवासात ती हवीतच, बशीत मात्र तीच आड येतात. त्यात मेंढ्याचं वीर्य भलतंच दाट: मिलिलिटरला साधारण 350 कोटी शुक्राणू, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये 35 लाख. बशीतल्या अर्ध्या मिलिलिटरला लागतात फक्त 5 लाख.

वीर्य कृत्रिम योनीत घेताना आतलं पाणी 42 ते 45 अंश ठेवा आणि गोळा करायची नळी कोमट ठेवा. चांगला नमुना दुधाळ किंवा सायीसारखा दिसतो. पिवळसर असेल तर लघवी मिसळली आहे, गुलाबी असेल तर रक्त. असला नमुना सरळ टाकून द्या. पाण्याचा एक थेंबही शुक्राणूंना पुरेसा घातक असतो. मेंढ्याचे शुक्राणू थंडीला फार हळवे, त्यामुळे काच, पिपेट, नळ्या सगळं आधीच गरम करून ठेवायला हवं. थंड काचेवर थेंब ठेवला की मायक्रोस्कोपखाली लगेच कळतं: शेपट्या वळून आकडे होतात, काही जागच्या जागी गोल फिरतात, काही मागे सरकतात. असे शुक्राणू पुन्हा गरम केले तरी सुधारत नाहीत. काळ्या रबराचा दट्ट्या असलेली सिरिंजही वापरू नका. त्या रबरातून उतरणारी रसायनं शुक्राणूंना बाधतात.

ताज्या वीर्याला पोहून वर येऊ देण्याची पद्धत उत्तम. त्यासाठीचं द्रावण म्हणजे सिंथेटिक ओव्हिडक्ट फ्लुइड. मेंढीच्या बीजवाहिनीतल्या द्रवाच्या पृथक्करणावरून बेतलेलं हे द्रावण टर्विट, व्हिटिंगहॅम आणि रोसन यांनी 1972 मध्ये मांडलं. नळीचं झाकण सैल ठेवून ते 5 टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये आधी काही तास राहू द्या, म्हणजे सामू 7.4 च्या आसपास बसतो. बाहेर रेंगाळलं की वायू उडतो, सामू चढतो आणि फिनॉल रेड (सामूनुसार रंग बदलणारं द्रव्य) घातलेलं द्रावण गडद गुलाबी होतं. तो रंग दिसला की नळी परत आत.

नळीत 1 मिलिलिटर द्रावण घ्या आणि त्याच्या तळाशी 50 ते 100 मायक्रोलिटर वीर्य हलकेच सोडा. घाई केली तर दोन्ही थर मिसळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. नळी 45 अंशांत तिरकी ठेवली की दोन्ही थरांच्या भेटीचा पृष्ठभाग वाढतो. 38.5 ते 39 अंशांवर 45 मिनिटं ते तासभर थांबा, वरचा 0.6 ते 0.7 मिलिलिटर भाग काढून घ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये 200 जी (गुरुत्वाच्या 200 पट) जोराने 5 ते 10 मिनिटं फिरवा, निवळ ओता, साका अलगद मोकळा करा. जोर वाढवला तर साका घट्ट बसतो आणि तो सोडवताना शेपट्या तुटतात.

गोठीत रेतमात्रेचा मामला वेगळा. 0.25 मिलिलिटरची स्ट्रॉ द्रव नत्रातून काढून 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरा. त्यात मेलेले शुक्राणू भरपूर असतात आणि तेच जिवंतांना बाधणारं पेरॉक्साइड सोडतात. इथे 45 आणि 90 टक्के परकॉलचे (सिलिकाच्या बारीक कणांचं दाट द्रावण) थर सरस ठरतात: 700 जी जोराने 15 ते 20 मिनिटं फिरवलं की चपळ शुक्राणू तळाशी जातात, अंड्याचा बलक, ग्लिसरॉल आणि मेलेले शुक्राणू वर राहतात. परकॉल मागे राहू नये म्हणून साका पुन्हा एकदा धुवा. गोठवण्यानेच हे शुक्राणू अर्धे तयार झालेले असतात, त्यामुळे त्यांचं आयुष्य कमी. त्यांना ताटकळत ठेवू नका.

कपॅसिटेशन घडवायला बैलाच्या शुक्राणूंना हेपरिन पुरतं. मेंढ्याच्या बाबतीत माजावरच्या मेंढीचं सीरम लागतं: 56 अंशांवर 30 मिनिटं ठेवून निष्क्रिय केलेलं, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं. 2 टक्क्यांपासून 20 टक्क्यांपर्यंत प्रमाणं वापरात आहेत. प्रत्येक मेंढा आणि सीरमचा प्रत्येक लॉट वेगळं वागतो. मोजक्या बीजांडांवर चाचणी केल्याशिवाय मोठी बॅच लावू नये, हे आमचं ठाम मत.

मग मोजणी. 20 पट पातळ केलेल्या नमुन्यात न्यूबाउअर पट्टीच्या (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) मधल्या मोठ्या चौकोनात 100 शुक्राणू दिसले, तर 100 × 10,000 × 20 म्हणजे मिलिलिटरला 2 कोटी. बशीत हवेत मिलिलिटरला 10 लाख; म्हणून बशीतल्या 500 मायक्रोलिटरच्या खाच्यात एकूण 25 मायक्रोलिटर. अंदाजाने जास्त टाकले तर एका बीजांडात दोन-तीन शुक्राणू शिरतात आणि तो गर्भ वाढत नाही. बीजांडं पक्व व्हायला 24 तास घेतात. शुक्राणूंची तयारी त्या वेळेला येऊन मिळेल अशी सुरू करा.

साधारण 17-18 तासांनी काही बीजांडं रंगवून केंद्रकं मोजा. दोन दिसली तर ठीक, तीन म्हणजे शुक्राणू जास्त झाले. आणि एक खाचा बिनशुक्राणूंचा ठेवाच. त्यातलीही बीजांडं दुभंगायला लागली, तर बाकीच्या खाच्यांत दिसणारं विभाजन सगळंच फलनाचं धरता येणार नाही.