शेत गेले, मिरवणूक उरली

वॉशिंग्टन राज्यातील त्या गावाच्या नावाची पाटी मी ‘पुयालुप’ अशी वाचली, तेव्हा गाडी चालवणाऱ्या भाच्याने हसून ‘मामा, प्यूॲलप’ अशी दुरुस्ती केली. टकोमाच्या आग्नेयेला वसलेल्या या गावाची सप्टेंबरातली जत्रा सन १९००पासून भरत आली आहे. आम्ही मात्र एप्रिलमध्ये, डॅफोडिलच्या मिरवणुकीला गेलो होतो.

टकोमा, प्यूॲलप, समनर आणि ऑर्टिंग अशा चार गावांतून ही मिरवणूक एकाच दिवसात फिरते. एक चित्ररथ आमच्यासमोरच खोळंबला, म्हणून जवळ जाऊन पाहिले, तर आखूड कापलेली पिवळी फुले दाटीने खोचलेली होती आणि काही देठांच्या टोकांना चिकट रस साकळला होता. हा रस सतत हाताला लागला की फुले तोडणाऱ्यांच्या कातडीला खाज सुटते.

गंमत अशी, की या खोऱ्यातले पीक फूल नव्हतेच. एझ्रा मीकर यांनी येथे बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या शेतीतून मोठी श्रीमंती मिळवली, ती १८९०च्या दशकात मावा पडून ओसरली. पुढे १९२६ साली अमेरिकेने हॉलंडच्या डॅफोडिल कंदांच्या आयातीवर निर्बंध घातले आणि खोऱ्यातल्या कंदांच्या शेतीला तेजी आली. पोषण बियांकडे न वळता कंदातच उतरावे, म्हणून फुले खुडून टाकीत, म्हणजे ज्याची मिरवणूक निघते तो शेतकऱ्याच्या लेखी निव्वळ कचरा होता. १९३४ साली त्याच फुलांनी गाड्या सजवून पहिली मिरवणूक काढण्यात आली. मला ही कल्पना मनापासून आवडली.

जत्रेच्या मैदानावर मात्र मन रमले नाही. एप्रिलमधली छोटी जत्रा भरली होती, लोणी आणि रास्पबेरीचा जॅम भरलेला गरम स्कोन, म्हणजे पावासारखा पदार्थ, तोही खाल्ला, तो उत्तमच होता; पण दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली एप्रिलअखेर ते सप्टेंबर या काळात, अमेरिकी सरकारने याच मैदानावर जपानी वंशाच्या ७,०००हून अधिक लोकांना कोंडून ठेवले होते, आणि त्या छावणीला ‘कॅम्प हार्मनी’, म्हणजे सलोख्याची छावणी, असे नाव दिले होते, हे ठाऊक असल्याने प्रेक्षक-सज्जाखालून जाताना घास घशात अडकला.

परतताना डॅफोडिलची शेते पाहू म्हटले, तर भाचा ज्या रस्त्याने घेऊन गेला त्याच्या दोन्ही बाजूंना लांबलचक गोदामेच लागली. शेवटी एका टपरीवर जुडी घेतली. ‘हिला एक दिवस वेगळ्या पाण्यात ठेवा, नाहीतर हिच्या रसाने शेजारची फुले लवकर माना टाकतील,’ असे विक्रेतीने बजावले, म्हणून ती बादलीत उभी करून मी सिॲटलपर्यंत दोन पायांत धरून आणली.