नोकरी बदलायची, पण कोणी?

पगार वाढवायचा तर कंपनी बदलावी, हे पुण्याहून जर्मनीत, श्टुटगार्टला आलेल्या इंजिनिअरांना शिकवावं लागत नाही. आमच्या ओळखीतल्या बहुतेक नवऱ्यांनी तेच केलं. बायका मात्र पहिल्या बाळंतपणानंतर जिथे होत्या तिथेच. डिग्री तीच, एका जोडप्यात तर वर्गही एकच.

धाडसाचा प्रश्न नाही हो. नव्या नोकरीत पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन: नाही पटलं तर दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी. कामाचे तास कमी करून मागायचा कायदेशीर हक्कसुद्धा सहा महिने झाल्याशिवाय लागू होत नाही. इकडे पोर किताला, म्हणजे पाळणाघरात जातंय, थंडीभर ताप घेऊन परत येतंय. तिथल्या ताई आजारी पडल्या तर दुपारीच फोन: घेऊन जा. जुना साहेब हे सगळं जाणतो, चालवून घेतो. नव्याकडे श्रीगणेशापासून सुरुवात. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, मला जास्त पगार नकोच, मला तीनला निघता आलं पाहिजे." तिला पगारही हवा होता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

त्यात कराची भर. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरायची पद्धत इथे १९५८ पासून आहे. जास्त कमावणारा सहसा करवर्ग तीन घेतो, ज्यात दरमहा कर कमी कापला जातो; कमी कमावणारीच्या वाट्याला पाच, ज्यात जास्त. विवरणपत्र भरल्यावर घराचा एकूण कर तेवढाच निघतो, पण दरमहा तिच्या हातात इतकं कमी पडतं की 'एवढ्यासाठी कशाला धावपळ' असं घरातच ठरून जातं. बाळासाठीच्या रजेतला भत्ताही या हातातल्या पगारावरूनच मोजतात!

२०२४ साली जर्मनीत बायकांची ताशी कमाई पुरुषांपेक्षा सरासरी १६ टक्के कमी होती. पश्चिमेत १७, पूर्वेत फक्त ५. पूर्वेकडे आयांनी पूर्ण वेळ काम करणं आणि भरपूर पाळणाघरं ही बर्लिनच्या भिंतीच्या, म्हणजे वेगळ्या पूर्व जर्मनीच्या काळापासूनची घडी आहे. (तिथे पुरुषांचेही पगार कमी आहेत, तेव्हा फार हुरळून जायला नको.)

नोकरी बदललीच, तर पुढची लढाई आकड्याची. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या सर्वोच्च श्रम न्यायालयाने एका विक्रेतीच्या बाजूने निकाल दिला. त्याच कामाला पुरुष सहकाऱ्याला जास्त मूळ पगार होता, आणि 'त्याने घासाघीस चांगली केली' ही कंपनीची सबब न्यायालयाने मानली नाही. युरोपीय संघाच्या नव्या निर्देशानुसार तर उमेदवाराला आधीचा पगार विचारायलाच मनाई आहे. सदस्य देशांना तसे कायदे करायला ७ जून २०२६ ची मुदत. आपल्याकडे भारतात एचआरचा पहिला फोनच "करंट सीटीसी किती?" असा असतो, आणि मुलासाठी थांबलेल्या बाईचा जुना, तोकडा आकडा तिच्या मागोमाग नव्या कंपनीत शिरतो.

इथे अर्ज करणाऱ्या मुलींनो, भारतातला पगार युरोत करून सांगत बसू नका. त्या पदाला इथे काय मिळतं ते शोधा आणि अपेक्षा म्हणून तोच आकडा सांगा, वर्षाचा, कर कापण्यापूर्वीचा.